नोझल जाग्यावर ठेव

"बाबा, दिसतंय का? थांबा, मशीन दाखवतो."

काळूरामने फोन आधी डोळ्यांजवळ नेला, मग हातभर लांब धरला. पडद्यावर जगनचा चेहरा हलला, मग नुसतं आकाश आलं, मग एका गाडीचा लाल दरवाजा, आणि शेवटी पेट्रोलचं मशीन. निळं, चकचकीत. आजूबाजूला चिटपाखरू नाही. इकडे दुपारचे दोन वाजले होते. तिकडे इटलीत सकाळचे साडेदहा.

"माणूस कुठं हाय?" काळूरामने विचारलं.

"माणूस नाय बाबा. सण हाय आज इथं, सगळं बंद. कार्ड घालायचं न् आपणच भरायचं."

काळूराम ओटीच्या पायरीवर बसला होता. आत खाटेवर त्याची बायको सरू होती. शनिवारी मुंबईच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते खाडीकाठच्या खारेपाटातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. दोन दिवस झाले होते. अन्न नाहीच, पाणी चमच्याने. शुद्धीवर आली की मात्र एकच विचारायची, जगन निघाला का. आज संकष्टी आहे हेही तिला ठाऊक होतं. सकाळी रंभावहिनी, म्हणजे काळूरामच्या थोरल्या भावाची बायको, चमच्यातून मोसंबीचा रस द्यायला गेली, तेव्हा सरूने ओठ मिटून घेतले. चाळीस वर्षांत तिची एक चतुर्थी चुकली नव्हती. देवाने तिचं एवढं एक राखावं असं रंभालाही वाटलं, आणि तिने चमचा बाजूला ठेवला.

जगन निघाला होता. तिकडच्या वेळेने दुपारी साडेतीनचं त्याचं विमान. ते मिळालं की उद्या पहाटे मुंबई आणि नऊच्या आत घर. नागोठण्याच्या कारखान्यात तो वेल्डिंग शिकला, आणि तिथूनच एका ठेकेदाराबरोबर इटलीला गेला. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. त्याचं काम चालायचं ते गाव आडवळणाला, विमानतळ गाडीने दोन तासांवर. सणामुळे बसगाड्या नव्हत्या, म्हणून केरळच्या एका सोबत्याने आपली गाडी दिली. गाडीचा काटा लाल रेघेवर होता. रस्त्यात भरू, असं म्हणून जगन निघाला. पहिला पंप बंद, दुसराही बंद. तिसरा हा, बिनमाणसाचा.

"किती जाईल अजून?" काळूरामने विचारलं.

"पाच-सात किलोमीटर जाईल. फार तर."

"घाबरू नको. अवघड काय हाय त्यात? पंप तो पंपच. मी सांगतो तसा कर."

हे बोलताना काळूरामचा आवाज थोडा चढला. आत मरणाची वाट पाहणारी बायको होती, आणि तरी त्या घडीला त्याच्या मनाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला. मुलगा लहानपणापासून बापाला विचारून चालणारा. शाळेत कुठली लाईन घेऊ, कारखान्यात कुठल्या साहेबाला भेटू, सगळं आधी बाबांना. पण इटलीला गेल्यापासून बापाला ठाऊक असलेलं असं काही उरलंच नव्हतं. व्हिसा, करार, तिकडची थंडी, यातलं काळूरामला काय कळणार? भात किती शिट्ट्यांत होतो, ते जगन फोन करून विचारायचा, तर फोन सरूकडे द्यावा लागायचा. आज पहिल्यांदा असं काही आलं होतं, जे काळूरामच्या हातातलं होतं.

चौतीस वर्षं तो वडखळच्या नाक्यावर पेट्रोल पंपावर होता. अलिबागला वळणारे, गोव्याला सरळ जाणारे, पेणहून गणपतीच्या मूर्ती भरून निघालेले टेम्पो, सगळ्यांच्या टाक्या त्याने भरल्या. त्याच्या हाताला कायम पेट्रोलचा वास. संध्याकाळी घरी आला की आधी राखेने आणि मग साबणाने हात धुतल्याशिवाय सरू त्याला देवाजवळ जाऊ द्यायची नाही. पंपावर त्याचा एकच नेम होता. गिऱ्हाईक साधा मोटरसायकलवाला असो नाहीतर साहेब असो, मशीनवर शून्य दाखवल्याशिवाय नोझल टाकीत घालायचं नाही. "शून्य बघा, साहेब," असं तो म्हणायचा, आणि गिऱ्हाईकाने पाहिलं नाही तर पुन्हा म्हणायचा. आधीच्या आकड्यावरच पुढचं पेट्रोल सोडून मधले पैसे खिशात घालणारी माणसं त्याने पाहिली होती. तसल्या एकाशी तर पंपावरच त्याची मारामारी झाली होती. नाक्यावर लोक म्हणायचे, काळूदा असंल तर भरू, नायतर पुढं पेणला भरू. दुसरं काही कमावलं नाही त्याने. हे एक कमावलं.

पडद्यावर जगनने कार्ड घातलं, आकडे दाबले. मशीन जरा वेळ गप्प बसलं, मग त्याच्यावर हिरवी अक्षरं आली.

"घेतलं बाबा. दोन नंबर दाबला. आता नोझल उचला म्हणतंय."

"उचल. अन् फोन आकड्यांवर धर. आकडे दाव मना."

जगनने एका हाताने नोझल उचललं, दुसऱ्या हाताने फोन आकड्यांसमोर धरला. आकडे थरथरत होते. काळूरामने डोळे बारीक केले. अडतीस पॉइंट बासष्ट.

"थांब. शून्य नाय आलं."

"येईल बाबा. आत्ताच उचललंय."

"येईल नाय. तो आधीच्या माणसाचा आकडा हाय. त्याच्यावर भरशील तर त्याचेबी पैशे तुझ्या बोडक्यावर. नोझल जाग्यावर ठेव."

"बाबा, पण..."

"ठेव म्हणतो ना. ठेव अन् परत उचल. मग येतो शून्य."

वडखळच्या दोन नंबरच्या मशीनला ही खोड होतीच. अडकलं की नोझल जागेवर ठेवायचं, परत उचलायचं, शून्य यायचं. वर्षानुवर्षं आलं होतं. जगन घुटमळला. पडद्यावर त्याचा हात तसाच दिसत होता, नोझल धरलेला. मग त्याने ते खाचेत ठेवलं. खट्ट असा आवाज काळूरामला ओटीवर ऐकू आला.

मशीनने एक कागद बाहेर टाकला.

"बाबा," जगन म्हणाला, "हे थँक्यू म्हणतंय."

"म्हणू दे. परत घाल कार्ड."

जगनने परत कार्ड घातलं. या वेळी हिरवी अक्षरं आली नाहीत, लाल आली. त्याने पुन्हा घातलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा काळूरामने काही सांगितलं नव्हतं.

"काय म्हणतंय रं?"

"पैशे नाय म्हणतंय."

"कसं नाय? थेंब नाय घेतला आपण."

पुढे काय झालं ते काळूरामला तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि पुरतं कळायला तर दोन दिवस गेले. तिकडचं मशीन पेट्रोल देण्याआधीच कार्डावरची मोठी रक्कम अडकवून ठेवतं. तुम्ही पाच लिटर घ्या की टाकी भरून घ्या, अडकवायची ती रक्कम ठरलेली. भरून झालं की खरे पैसे कापतं आणि बाकीचे सोडतं. पण नोझल उचलून न भरता ठेवलं, तर मशीनच्या लेखी व्यवहार संपला, आणि अडकलेले पैसे सुटायला आठ-आठ दिवस लागतात. तिकीट काढल्यावर जगनच्या कार्डावर एकदा अडकवण्यापुरतेच पैसे उरले होते. दुसऱ्यांदा अडकवण्यापुरते नव्हते. आणि शून्य? ते येणारच होतं. त्या मशीनला नोझल उचलल्यावर चार-पाच श्वास लागतात, एवढंच.

रोख नोटा त्या मशीनला चालत नव्हत्या, आणि जगनच्या खिशात फारशा नव्हत्याही. केरळचा सोबती फोन उचलेना, सणाचा दिवस, चर्चमध्ये असणार. एक बाई मुलांना घेऊन गाडीतून आली, जगन हात जोडून पुढे गेला तर तिने काच वर केली आणि पेट्रोल न भरताच निघून गेली. तिला दोष कसा द्यावा? परका काळा माणूस, भाषा येत नाही, डोळ्यांत पाणी. तासाभराने एक म्हातारा शेतकरी आला. त्याला जगनने फोनमधला आईचा फोटो दाखवला. म्हाताऱ्याकडे कार्ड नव्हतं. तो जगनला आपल्या घरी घेऊन गेला, गवत कापायच्या यंत्राचा डबा काढला, त्यातलं पेट्रोल त्याने गाडीत ओतलं, आणि शेजाऱ्याकडून आणखी मागून आणलं. पैसे घेतले नाहीत. जगनच्या डोक्यावर हात ठेवून कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली. देव कुठल्याही रूपात भेटतो म्हणतात, तसा तो भेटला; पण उशिरा भेटला. जगन विमानतळावर पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. पुढची जागा मिळाली ती मंगळवारी रात्रीच्या विमानात.

फोन बंद झाल्यावर काळूराम पायरीवरून उठला आणि आत गेला. सरूचे डोळे उघडे होते.

"निघाला?" तिने विचारलं.

"निघाला," काळूराम म्हणाला.

चंद्रोदयाला रंभाने चंद्राला ओवाळलं आणि तीर्थाचे दोन थेंब सरूच्या ओठांना लावले. तिने ते घेतले.

मंगळवारी सकाळपासून रस्त्यावर गाडी वाजली की सरू मान वळवायची. दूधवाल्याचा टेम्पो गेला, शाळेची गाडी गेली, मिठाच्या गोण्यांचा ट्रक गेला. प्रत्येक वेळी तिची मान दाराकडे वळायची, आणि रंभा म्हणायची, "येल गो, येल. विमान उतरलं असंल." नऊ वाजता काळूराम तिच्या उशाशी बसला. त्याला वाटलं, खरं सांगून टाकावं, म्हणजे ती वाट पाहायची थांबेल. मग वाटलं, वाट पाहायची थांबली तर राहील काय. दहाच्या सुमारास सरूचा भाऊ हैबतराव रोह्याजवळच्या वरशाहून आला. त्याची मोटरसायकल दारात थांबली, तेव्हा सरूने मान उचलायचा प्रयत्न केला. अकराला ती गेली.

जगन पोचायचा तो बुधवारी रात्री, तोवर थांबणं शक्य नव्हतं. चैत्राचं ऊन. त्याच संध्याकाळी काळूरामनेच अग्नी दिला.

स्मशानाच्या पत्र्याखाली माणसं बसली होती. बोलणं व्हायचं तेच झालं. एकुलता एक पोर, आणि आईच्या तोंडात पाणी घालायला नाही. हैबतरावाला बहीण गेल्याचं दुःख होतं, आणि दुःखाला कुणीतरी धरायला लागतं.

"पेट्रोल संपलं म्हणं गाडीतलं," तो म्हणाला. "पंपवाल्याचा पोरगा. काटा बघता आला नाय त्याला?"

कुणीतरी खाली बघून हसलं, कुणी च्च च्च केलं. काळूराम ओल्या कपड्यांत उभा होता. तो पुढे आला.

"त्याची चूक नाय," तो म्हणाला. "त्यानं नोझल उचलला होता. भरतच होता. मी म्हणालो, ठेव."

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"ठेव म्हणजे?" हैबतरावने विचारलं.

काळूरामने सांगायचा प्रयत्न केला. मशीन, कार्ड, अडकलेले पैसे, शून्य. त्याला स्वतःलाच ते तेव्हा अर्धंमुर्धं कळलं होतं, त्यामुळे वाक्यं एकमेकांत गुंतत गेली. माणसं दया आल्यासारखी ऐकत राहिली. शेवटी हैबतरावने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, पोराची बाजू घ्या तुम्ही, कोण नको म्हणंल? बापच तुम्ही. पण नळी जाग्यावर ठेवली म्हणून कुणाचं विमान चुकतं काय?"

काळूरामने पुन्हा प्रयत्न केला नाही. घरी परतताना दोघातिघांनी त्याला सांगितलं, तुझ्यासारखा बाप पोराला मिळाला हे त्याचं नशीब.

जगन बुधवारी उतरणार होता, पण विमान रखडत आलं आणि तो गुरुवारी उजाडता उजाडता दारात आला. वडखळ नाक्यावरून रिक्षा करून. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. आधी रंभाच्या गळ्यात पडून रडला. मग बापाच्या पाया पडला. काळूरामने दोन दिवस मनात एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते त्याने तिथेच काढलं.

"जगन, त्या मशीनचं..."

"जाव दे बाबा," जगन म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो असता तर काळूरामने तो अंगावर घेतला असता, दिवसभर घेतला असता. जगनने बापाचा हात हातात घेऊन दाबला, आणि आत गेला.

त्यानंतर त्याने काळूरामला काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं त्याने ठरवलं होतं असं नव्हे. ते आपोआप होत होतं. आईच्या फोटोला हार कुठला आणायचा, ते त्याने रंभाला विचारलं. सुतक किती, दहावा कधी, भटजी पेणचे की गावचे, ते मामाला विचारलं. काळूराम तिथेच भिंतीला टेकून बसलेला असायचा. प्रश्न त्याच्या अंगावरून दुसरीकडे जायचा.

तो आला त्याच सकाळी अस्थी सोडायच्या होत्या. मडकं बाहेर शेवग्याच्या फांदीला टांगलं होतं.

"मामा, खाडीवर कवा जायाचं?" जगनने विचारलं.

हैबतराव भात आणि वाल पिकवणारा माणूस. त्याच्या गावात पाणी वरून पडतं आणि नदीने निघून जातं, एवढंच त्याला पाण्याचं ठाऊक.

"अंघोळी आवरू, चहा घेऊ, माझ्या पोरींनाबी येऊ दे वरशावरनं," तो म्हणाला. "नऊ-साडेनऊला निघू. घाई काय?"

काळूरामने मान वर केली. आज सप्तमी. तिथीची पाऊणपट म्हणजे समुद्रावर भरतीची वेळ, सव्वापाच. आपल्या खाडीत पाणी तासभर उशिरा येतं. म्हणजे सव्वासहाला भरती होऊन गेली, आता पाणी उतरायला लागलं. निघायचं तर आत्ता निघायला हवं, ओहोटीच्या ओढीबरोबर अस्थी सरळ धरमतरकडे, समुद्राकडे जातील. नऊला निघून दहाला पोचलो तर खाडीच्या बांधापासून पुढे नुसता चिखल. खारेपाटात जन्मलेल्या माणसाला हे बोटं मोजावी इतकं सोपं. गावातल्या कुणीही विचारलं नाही, कारण काळूरामचं घर, काळूदाने पाणी बघितलेलं असणारच. आणि अर्धं गाव तर कारखान्यात शिफ्टला गेलेलं.

त्याने तोंड उघडलं. जगन त्याच्यासमोर उभा होता, मामाकडे तोंड करून, मानेवर प्रवासाचा मळ. आत्ता जा, एवढंच म्हणायचं होतं. काळूरामच्या जिभेवर ते आलं आणि तिथेच राहिलं. आपण सांगायचं, आणि त्याने ऐकायचं. त्याने ऐकलंच असतं. नोझल ठेवलं तसंच ऐकलं असतं. काळूरामने तोंड मिटलं.

बांधावर पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. दोन्हीकडे तिवरांची झाडं, आणि मधे करडा चिखल चकाकत होता. चिखलातल्या निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या. पाण्याची रेघ दूर, पार पलीकडच्या तिवरांजवळ दिसत होती.

"पाणी कुठं गेलं हो?" हैबतराव म्हणाला.

जगनने पँट गुडघ्यांवर दुमडली, मडकं दोन्ही हातांत घेतलं आणि उतरला. पहिल्या दहा पावलांत पोटऱ्यांपर्यंत गेला, पुढच्या दहात गुडघ्यांपर्यंत. मग मांड्यांपर्यंत. त्याने मडकं छातीवर धरलं, मग खांद्यावर घेतलं. एक पाय काढायचा तर दुसरा रुतायचा. अर्ध्या वाटेवर तो थांबला. त्याच्यापुढे अजून तेवढाच चिखल होता. तो मागे वळला आणि बांधाकडे पाहिलं. काळूराम बांधाच्या कडेला आला. जगनची नजर त्याच्यावर आली, क्षणभर थांबली, आणि मामाकडे गेली.

"तिथंच सोड," हैबतरावने हाक दिली. "देवाला समदं सारखंच."

चिखलात एक बोटभर ओहळ वाहत होता. जगनने मडकं त्याच्यावर उपडं केलं. राख थोडी ओली झाली, हाडं जागीच राहिली. वर टाकलेली झेंडूची फुलं तिथेच पडली. हात जोडून तो उभा राहिला, आणि मग चिखल उपसत परत आला. पायाला शिंपल्याने कापलं होतं. वरशाच्या पोरींनी त्याला धरून वर घेतलं.

सगळे घराकडे निघाले. काळूराम म्हणाला, तुम्ही व्हा पुढं. रंभाने थोडं थांबून पाहिलं, मग तीही गेली.

काळूराम बांधावर बसला. ऊन डोक्यावर आलं. त्याने खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळला. दुपारी दोन कावळे आत उतरले, त्यांना त्याने ढेकळं मारून उडवलं. मग एक कुत्रं तिवरांतून आलं. तो उठून ओरडला, ते गेलं. रंभाने कुणाकरवी भाकरी पाठवली, ती त्याने कडेला ठेवून दिली.

चार वाजायला आले तेव्हा दूरची रेघ रुंद झाली. सप्तमीचं पाणी, जोर नसलेलं, चिखलाच्या चिरांतून बोटाबोटाने पुढे सरकू लागलं. पाचच्या पुढे ते फुलांपाशी आलं. फुलं आधी हलली, मग उचलली गेली. भरतीबरोबर ती आत, बांधाकडे, काळूरामच्या दिशेने येऊ लागली. काळूरामने वहाणा काढल्या आणि बांधाखालच्या दगडावर पाय पाण्यात सोडून बसला. ओहोटी लागायला अजून दीड तास होता.